चाळीस ओळींची अंगाई

माझ्यासारखी वेळ वाचवणारी बाई विद्यापीठात दुसरी नसेल, असं मी परवा सकाळपर्यंत छातीठोकपणे सांगत होते.

अरबीच्या एम.ए.चे माझे सगळे पेपर सुटले होते. राहिली होती फक्त पाठांतराची तोंडी परीक्षा, कारण गेल्या वेळी नेमकी त्याच दिवशी मी प्रसूतिगृहात होते. एक जुनी युद्धकविता, चाळीस ओळी, पुस्तक न बघता, खणखणीत आवाजात. ही शेवटची संधी. हुकली की पदवी गेली. आणि घरात आठ महिन्यांची लेक, जी खांद्यावर घेतल्याशिवाय डोळा मिटत नाही.

मग मला सुचलं. पाठांतर हीच अंगाई! रोज दुपार-संध्याकाळ लेकीला थोपटत मी कविता म्हणू लागले. घोड्यांच्या टापा, मोडलेले भाले, धुळीने काळवंडलेलं आभाळ, सगळं एका संथ चालीत. माझी करंगळी मुठीत घट्ट धरून ती टक लावून ऐकायची. मग मूठ सैल व्हायची, मी तिला अलगद खाली ठेवायचे आणि उलट पावली बाहेर येऊन दार हळूच ओढून घ्यायचे.

"काय सांगतेस गं तिला एवढं?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"शंभर माणसं कापली, आई."

"कापू दे. झोपते ना, बास."

नवऱ्याने मात्र शंका काढली. "सगळं पाठ झालंय ना नक्की?"

"दीड महिना दिवसातून दोनदा म्हणतेय. आणि तू मला विचारतोस?"

परीक्षेला समोर आमच्या विभागप्रमुख मॅडम आणि बाहेरून आलेले एक वयस्कर परीक्षक. मी सुरुवात केली.

"मोठ्याने म्हणा," मॅडम म्हणाल्या. "सेनापती सैन्याला हाक देतोय. असं म्हटलंत तर तुमचं सैन्य अंथरुणातून उठायचं नाही."

मी आवाज चढवला, पण चाल काही सुटेना. हात आपोआप टेबलावरच्या हजेरीपुस्तकाला थोपटायला लागला. नवव्या ओळीला परीक्षकांची मान कलली. अकराव्या ओळीला चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. चौदाव्या ओळीला ते चक्क घोरले.

दीड महिना अंगात मुरलेली सवय ती! मी आवाज अगदी खाली आणला, एकेक पाऊल मागे सरकत दारापर्यंत आले, दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहून समाधानाने सुस्कारा सोडला.

दार उघडलं. मॅडम होत्या.

"उरलेल्या सव्वीस ओळी कुठे आहेत?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लेक रोज चौदाव्या ओळीला झोपत होती. त्याच्या पुढे मी दीड महिन्यात एकदाही गेले नव्हते.

"चार वाजता या," मॅडम कुजबुजल्या; आत परीक्षक अजून उठले नव्हते. "पूर्ण चाळीस. नाहीतर शून्य टाकणार मी."

मी ग्रंथालयाच्या जिन्यात पुस्तक उघडून बसले. दीडच्या सुमारास सासूबाई लेकीला घेऊन हजर.

"सकाळपासून डोळ्याला डोळा नाही पोरीचा. मी म्हणून पाहिलं तुझं ते. पण मला येते एकच ओळ, तीही अर्धी. तू म्हण बाई आता."

"म्हणते, पण पंधराव्या ओळीपासून. तेवढाच वेळ आहे माझ्याकडे."

लेकीने पंधरावी ओळ ऐकली. सोळावी ऐकली. आपल्या आईने भलतंच काहीतरी सुरू केलंय हे तिच्या लक्षात आलं, खालचा ओठ बाहेर आला आणि तिने असा काही सूर लावला की मला तिच्या वर ओरडूनच सतरावी म्हणावी लागली. ती चढली, मी चढले. पंचविसाव्या ओळीला शिपायाने आम्हा तिघींना अंगणात काढलं. तिथे चाळीसपर्यंत जाऊन पुन्हा पंधरावर यायचं, अशा किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. पुस्तक कधी मिटलं ते कळलंही नाही.

चार वाजले. सासूबाईंनी तिला घ्यायला हात पुढे केले, पण माझी करंगळी काही सुटेना. ते ओलं, लालबुंद तोंड बघून मलाही सोडवेना. शेवटी कडेवर घेऊनच आत गेले.

चौदा ओळी ती डोळे जड करून ऐकत राहिली. पंधराव्या ओळीला तोच सूर. मी गर्जत सुटले. परीक्षकांनी टेबल दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मॅडमचा चेहरा मात्र उजळत गेला. चाळिसावी ओळ संपली तेव्हा माझा घसा बसला होता आणि लेक उचक्या देत होती.

"याला म्हणतात रणांगण," मॅडम म्हणाल्या. "पास."

मी तरंगतच बाहेर पडले. मागून परीक्षक लगबगीने आले, हातात मोबाइल.

"मुली, तुझं हे म्हणणं रेकॉर्ड करून देशील मला?"

आयुष्य अरबी कवितेत घालवलेला माणूस मला हे विचारत होता! मी भरून पावले. म्हटलं, "सर, हिला जरा शांत करते आणि चाळीसच्या चाळीस म्हणते."

"नको, नको," ते घाईने म्हणाले. "पहिल्या चौदाच दे. वर्ष झालं, गोळी घेतल्याशिवाय झोप लागत नाही मला."