चाळीस हीटरांचा त्याग

काचेच्या बरण्या बनवणाऱ्या एका कारखान्यात वीज कंपनीचं पत्र आलं. संध्याकाळी सहा ते आठ सगळं शहर एकदम दिवे लावतं, तेव्हा कारखान्यानं त्या दोन तासांत वीज कमी वापरावी आणि 'लवचीकता' दाखवावी, अशी विनंती होती. मालकांनी पत्र वाचलं आणि तडक वार्षिक पर्यावरण अहवालात लवचीकतेसाठी दहा पानं राखून ठेवली. पानं तयार. आता फक्त लवचीकता यायची बाकी होती.

भट्टीमास्तरांना बोलावणं गेलं. त्यांची विजेची भट्टी सहा वर्षं एक क्षणही विझली नव्हती. सख्ख्या मुलीला जपावं तसं त्यांनी तिला जपलं होतं.

"मास्तर, रोज दोन तास भट्टी बंद," अहवालवाल्या मॅडम म्हणाल्या. भट्टी त्यांनी एकदाच पाहिली होती, फोटोपुरती.

"मॅडम, असं केलंत तर आठवड्याभरात आतली काच गोठेल. मग ती भट्टी नाही, धोंडा! फोडायला चार महिने. तोवर आम्ही तीस माणसांनी घरी बसून अहवाल वाचायचा का?"

"बचत तर दाखवावीच लागेल."

"बचत मोजणार कशावरून?"

"आधीच्या दहा दिवसांच्या सरासरीवरून."

मास्तरांनी डोकं खाजवलं. मग हळूच हसले. "म्हणजे आधी दहा दिवस जास्त जाळायचं आणि मग कमी जाळायचं?"

"जाळायचं नाही म्हणायचं, मास्तर. 'आधारपातळी निश्चित करायची' म्हणायचं."

चाळीस हीटर आले. ऐन उन्हाळ्यात, रिकाम्या गोदामात, रोज सहा ते आठ ते धगधगले. तिसऱ्या दिवशी उंदीर बिऱ्हाड घेऊन निघून गेले. अकराव्या दिवशी मालकांनी फीत कापून सगळे हीटर बंद केले. मीटरचा आकडा धाडकन खाली आला. टाळ्या पडल्या. भट्टीला यातलं काहीच कळलं नाही; ती आपली पेटलेलीच.

वीज कंपनीचे तपासनीस आले.

"हे हीटर कशासाठी?"

"बंद ठेवण्यासाठी, साहेब," मास्तर म्हणाले.

तपासनीसांनी नियमावली पुढून मागून चाळली. हीटरचा काही उपयोग असावा, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी शेरा मारला: 'उपकरणे उद्दिष्टानुसार बंद आहेत.' जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी मात्र दुप्पट त्याग लागेल हं."

लगेच ऐंशी हीटर आले. ही बातमी कर्णोपकर्णी गेली. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यानं हीटर घेतले, मग बाकीच्यांनीही घेतले. सगळ्यांनी एकाच आठवड्यात आधारपातळी निश्चित करायला घेतली आणि शहराची वीज पुरेना. कारखान्यांना हात लावायची सोय नव्हती. ते तर कागदोपत्री बचतीचे पाईक. मग राहिलं कोण? घरं.

पावणेसातला मास्तरांचा फोन वाजला.

"अहो, परत गेली लाईट!" बायको ओरडत होती. "आईंना वाफ देत होते, मशीन मध्येच बंद पडलं. धाप लागलीय त्यांना. मी काय करू?"

"खिडकी उघड. बसतं कर आईला. आलोच मी."

पायऱ्यांवर मॅडम भेटल्या. मास्तरांचा आवाज चढला. "मॅडम, हीटर बंद करा! माझी म्हातारी तिकडे गुदमरतेय."

"आज नववा दिवस, मास्तर. आज बंद केले तर सरासरी पडेल, मग भट्टीच बंद करावी लागेल. तुमचीच युक्ती ना?"

मास्तरांनी एकदा भट्टीकडं पाहिलं, एकदा फोनकडं. हीटर बंद करा, असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. खाली मान घालून सायकल काढली.

"आणि घरांची वीज जाते, ते कुठं लिहिणार?" फाटकातून त्यांनी विचारलं.

"लिहिलंय की. पान दोनशे बारा. 'नागरिकांचा स्वयंस्फूर्त सहभाग'."

"त्यांना विचारलंत कधी?"

"विचारायचं काय त्यात? लाईट गेली की माणूस खिडकीतून डोकावतो. शेजाऱ्यांचीही गेलीय असं दिसलं की निवांत आत जाऊन बसतो. त्यालाच आम्ही संमती धरतो."

संमतीचा आकडा मोठा भरला म्हणतात. भरणारच. त्या संध्याकाळी तुम्हीही डोकावला होतात ना?