वेस्ताच्या पूर्वजाचा बैल

हे कुणी खरं मानणार नाही, म्हणून मी आग्रहही करत नाही. माणसाचा वंश जन्माने ठरतो, हे सर्वमान्य आहे. परंतु प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागताच तो बदलू शकतो, असा ठराव रावेर तालुक्यातल्या आमच्या गावाने १९५३ साली एकमताने केला. गावाच्या यात्रा समितीचा चिटणीस मी, तोताराम.

तोवर बऱ्हाणपूरच्या मल्लाने यात्रेत आमचे नऊ पहिलवान ओळीने लोळवले होते. (दहावा ऐनवेळी आजारी पडला. दूध नासकं होतं म्हणे.) शेवटी आमच्या केळीचे घड वाहणारा, सातपुड्यातल्या पाड्यावरचा वेस्ता लंगोट कसून उतरला आणि चौथ्या मिनिटाला बऱ्हाणपूर आभाळाकडे बघू लागलं.

गाव नाचलं. मग अडचण ध्यानात आली. जिंकलेला मल्ल पंगतीत पहिल्या पाटावर बसतो, अशी रीत. आणि वेस्ता तर कायम गोठ्यात जेवायचा. तो पाय धुऊन उभा.

"नाना, माझा पाट कोणता?"

"थांब जरा," समितीचे अध्यक्ष जीवरामनाना म्हणाले, "तुझा वंश बघून सांगतो."

समिती तीन तास बसली. पंगतीच्या वरण-बट्ट्या गार झाल्या. अकरा वर्षं आमची केळी खांद्यावर वाहिल्याने वेस्ताचं सात आणे रक्त आमचं झालंच होतं. उरलेल्या नऊ आण्यांसाठी एक पूर्वज कमी पडत होता, तो गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या झुंबरबाईंना आठवला. सात पिढ्यांमागे आमच्यातला एक जण हरवलेला बैल शोधायला सातपुड्यात गेला, तो परतलाच नाही. सबब वेस्ता त्याचाच वंशज. त्याला पहिल्या पाटावर बसवलं. वरण मी स्वतः वाढलं, वर तूप.

पुढच्या वर्षी वेस्ता हरला. या खेपेला समितीला पाचच मिनिटं लागली. बैल तिसऱ्या दिवशी आपणहून घरी आला होता, असं निष्पन्न झालं. सबब पूर्वज ओढ्यावरूनच माघारी फिरला होता.

परवा केळीच्या वखारीत ही हकिगत मी चाळीस जणांना सांगितली. रक्ताचे आणे सगळ्यांना पटले. बैल गेला तेही पटलं, आला तेही. (तुम्हालाही पटलं, मी बघत होतो.) फक्त वेस्ताचा भाऊ रुपसिंग खांद्यावरचा घड खाली ठेवून म्हणाला,

"आबा, बाकी बठ्ठं खरं शे. पाटवर बसाडं, हाई खोटं. मना भाऊ त्या दिनबी गोठामाच जेवना."