उतू गेलेल्या दुधाचं ऑडिट

"आपण दूध तापवता, तेव्हा आपली कार्यपद्धती काय असते?" असं सुपरवायझरनं स्वतःच्या बायकोला विचारलं, तेव्हा तिनं आधी मागे वळून बघितलं. लग्न झाल्यापासून तिला या घरात कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं.

त्या बिचाऱ्याचाही नाइलाज होता. ऑडिटरची लेखी परीक्षा तो कसाबसा पास झाला होता. आता प्रात्यक्षिक झालं, की प्रमाणपत्र आणि मॅनेजरची खुर्ची. नाही तर जन्मभर पॅकिंग विभागातली खोकी. आणि नेमकी आजच कारखान्याची वीज गेली! प्रशिक्षकांना दुसरी तारीख नव्हती. "ऑडिट कशाचंही होतं हो. घरी स्वयंपाकघर आहे ना?" ते म्हणाले. म्हणून आता ते फ्रिजला टेकून, पेन उघडून उभे होते आणि सुपरवायझरची आई दारात खुर्ची टाकून लेकाकडे कौतुकानं बघत होती.

"कार्यपद्धती कसली डोंबलाची? गॅसवर ठेवते आणि लक्ष ठेवते," बायको फडताळात कप शोधत म्हणाली.

"लक्ष ठेवता, याचा पुरावा?"

"पुरावा काय मागताय? अगंबाई, दूध! अहो, शेगडीपाशी तुम्हीच उभे आहात, गॅस बंद करा!"

सुपरवायझरचा हात पुढे गेला आणि हवेतच थांबला. ऑडिटरनं नुसतं बघायचं, मध्ये पडायचं नाही, हा पहिल्याच दिवशीचा धडा होता.

"मला हस्तक्षेप करता येत नाही," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

"साहेब, तुम्ही तरी!"

"मी त्यांचं निरीक्षण करतोय. मला तर मुळीच नाही."

"सासूबाई!"

"दोन शिकलेली माणसं उभी आहेत ना गं? मग उभंच राहायचं असेल."

सगळ्यांना ढकलत बायको शेगडीपाशी पोचेपर्यंत दूध ओट्यावरून फ्रिजखाली गेलं होतं. सुपरवायझरनं 'लक्ष अपुरे' असं लिहिलं. बायकोनं फडकं असं काही पिळलं, की त्यानं नजर खाली घातली.

"वा! काय संयम!" म्हणत प्रशिक्षकांनी आपल्या गुणपत्रकातला शेवटचा रकाना वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. "अरेरे. स्वतःच्या कामाचं ऑडिट स्वतःला करता येत नाही. तुम्ही तर इथेच राहता. नापास करावं लागणार."

सुपरवायझर मटकन खाली बसला, तेही दुधात.

"यांचं काम? या घरात?" बायको फडकं टाकून उठली. "साहेब, यांना साखरेचा डबा काढायला सांगा."

सुपरवायझरनं सगळे डबे धुंडाळले. शेवटी मोठ्या आत्मविश्वासानं एक डबा पुढे केला. प्रशिक्षकांनी चिमूटभर जिभेवर टाकली, तोंड वेडंवाकडं केलं आणि आनंदानं ओरडले, "मीठ! सज्जड पुरावा! इतका निःपक्षपाती उमेदवार मी आजवर पाहिला नाही. पास!"

आईनं पदरानं डोळे पुसले. प्रशिक्षक गेल्यावर सुपरवायझर ऐटीत म्हणाला, "ऐकलंस ना? आता या घरात मी काडीला हात लावला, तर प्रमाणपत्र जाईल."

"बरोबर आहे," बायको शांतपणे म्हणाली. "साहेबांना जाताना दारातच विचारलंय मी. पुढच्या वर्गाला माझं नाव घातलंय त्यांनी. तुमच्या कारखान्यात मीही कधी काडीला हात लावलेला नाही. पहिलं ऑडिट तुमच्या विभागाचंच करीन म्हणते."

सुपरवायझर गुडघ्यांवर बसला, फ्रिजखाली वाकला आणि हळूच म्हणाला, "अगं, ते फडकं दे जरा इकडे."