मुक्कामी विमान

दिपमालाला नेमणुकीचं पत्र आलं, त्याच दिवशी तिचे वडील झुलाल आबा धुळे आगारात गेले आणि एस.टी.च्या मासिक पासाचा फॉर्म घेऊन आले. फॉर्मवर नाव लिहून झालं होतं, फोटो चिकटवून झाला होता. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'वैमानिक' असं ठसठशीत लिहिलं होतं.

"पायलटले एस.टी.ना पास लागस का?" दिपमालाच्या आई भागाबाईंनी विचारलं.

"जयगावलेच जावानं शे ना? अपडाऊन करी. मी तीस वरीस करं."

आबा एस.टी.तले निवृत्त ड्रायव्हर. धुळे-जळगाव रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना तारखेनिशी पाठ होता. मास्तर अपडाऊन करतात, बँकेतले अपडाऊन करतात, नर्सबाई तर दोन पोरं सांभाळून अपडाऊन करतात, मग आपल्याच पोरीला काय धाड भरली आहे, हे त्यांना कळेना.

दिपमालाने समजावून पाहिलं. तिची कंपनी लहान, नवीन. एकच विमान रात्री जळगावला थांबायचं, म्हणून तिचा बेस जळगाव.

"बेस म्हंजे काय वं?"

"विमान जिथे मुक्कामाला असतं ते गाव."

"मुक्कामी गाडी म्हण ना मंग! मुक्कामी गाडीवर मी बी व्हतू. पन सकायले घर उनू."

"आबा, माझी बरेच दिवस स्टँडबाय ड्यूटी असेल. म्हणजे उडायचं नाही, पण युनिफॉर्म घालून तयार राहायचं. कोणी आजारी पडलं की एका तासात विमानतळावर."

"राखीव ड्रायव्हर," आबा एकदम गंभीर झाले. आगारात राखीव ड्रायव्हर बाकावर बसून दिवस काढतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. तरी पास त्यांनी काढलाच. पोरीच्या बॅगेत तो स्वतःच्या हाताने ठेवला.

जळगावात पिंप्राळ्याला पुखराजशेठच्या घरावरची खोली मिळाली. पुखराजशेठचं किराणा दुकान होतं, घर चंद्रकांताभाभी बघायच्या. माणसं चांगली. फक्त दोघंही सूर्य मावळायच्या आत जेवून, साडेआठला दिवे बंद करून झोपत. त्यानंतर त्या घरात पाण्याच्या टाकीचा नळ तेवढा जागा असायचा. दिपमालाने त्याच्या थेंबांची गती मोजून ठेवली होती. मिनिटाला बावीस.

सकाळी सातला ती युनिफॉर्म चढवायची. केस घट्ट बांधायचे, बूट घालायचे, बॅग दाराशी, फोन हातात आणि बूड खाटेवर. संध्याकाळी सहापर्यंत हेच. पहिल्या महिन्यात ती चार वेळा उडाली आणि उरलेले दिवस खाटेवर बसली. चंद्रकांताभाभींना शंका येऊ लागली होती.

"तू विमान चालवते ना गं?"

"हो भाभी."

"मग रोज घरीच कशी? आमच्या दुकानातला माणूस पण तुझ्यापेक्षा जास्त वेळा बाहेर जातो."

असं काहीबाही का होईना, भाभी बोलायच्या. त्या खाली गेल्या की पुन्हा शांतता. एकदा दिपमालाने स्वतःशीच मोठ्याने "चहा घेणार का?" असं विचारलं आणि "हो, टाक थोडा" असं उत्तरही दिलं. नंतर तिला स्वतःचीच भीती वाटली आणि खूप रडू आलं.

रोज तीन पन्नासला तिच्या डोक्यावरून तिचंच विमान सुरतला जायचं, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. बरोबर चार पाचला ते धुळ्यावरून जायचं. तिच्या खऱ्या चार उड्डाणांपैकी पहिल्या दिवशी तिने धुळं वरून पाहिलं होतं. भागाबाईंनी गच्चीवर उभं राहून तिची जुनी लाल ओढणी हलवली होती. एवढ्या उंचीवरून ओढणी काय, अख्खी गल्ली दिसत नाही. पण संध्याकाळी पाचला फोनवर माय म्हणाली, "दखं का वं माले?" तेव्हा दिपमाला "दिसली ना, लाल ओढणी!" असं म्हणून गेली. मायचा आवाज इतका फुलला, की दुसऱ्या दिवशी खाटेवर बसून राहिलेल्या दिपमालाला खरं सांगायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशीही झाला नाही. मग रोज पाचला फोन करायचा आणि ओढणी दिसली म्हणायचं, हे ठरूनच गेलं.

मंगळवारी सकाळी मात्र मायचा फोन आला. "आज बठ्ठी गल्ली धाबावर येनार शे तुले दखाले. शेजारनी बेबाबाई बी येनार शे. आनि खापरवर पुरनपोया करी ऱ्हायनी मी. तू तं काय, वरतीन वास लेशी!"

सगळी गल्ली धाब्यावर, म्हणजे गच्चीवर! दिपमालाने फोन ठेवला. खापराच्या पोळीचा वास तिला पिंप्राळ्यात आला. सलग अकरा दिवस स्टँडबाय आणि अकराही दिवस कंपनीचा फोन नाही. बारा वाजता निघाले तर अडीचला धुळं. 'आज सुट्टी मिळाली' म्हणायचं, एक पोळी खायची, मायच्या मांडीवर पाच मिनिटं डोकं ठेवायचं आणि परत. बाराव्या दिवशीच नेमकं कोण आजारी पडतंय?

तिने युनिफॉर्मवर सनकोट चढवला, खानदेशी पोरींसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि स्टँड गाठलं. पास पहिल्यांदाच बाहेर निघाला. कंडक्टरने तो उलटसुलट पाहिला.

"मॅडम, वैमानिक?"

"हो."

"मग आमच्या गाडीनं?"

"तिकडे पास चालत नाही," दिपमाला म्हणाली. कंडक्टरला ते पटलं.

बस एरंडोलपर्यंत ठीक गेली. पारोळ्याच्या अलीकडे टायर बसला. जॅक होता, पण पाना मागच्या गाडीत होता आणि मागची गाडी पाऊण तास मागे होती. दिपमाला रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी राहून घड्याळ बघत होती. अडीच तिथेच वाजले. ती धुळ्याच्या आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर उतरली तेव्हा चार वाजून तीन मिनिटं झाली होती.

गल्ली रिकामी होती. तिने मान वर केली. सगळी गल्ली वर होती. प्रत्येक गच्चीवर बाया, माणसं, म्हातारी खुर्चीसकट, आणि आपल्या गच्चीवर मधोमध माय, हातात लाल ओढणी. सगळ्यांची तोंडं पूर्वेला.

"उनं, उनं!" कुणीतरी ओरडलं.

खरंच विमान येत होतं. आता दार वाजवलं, तर सगळ्या गल्लीसमोर मायला तोंडघशी पाडल्यासारखं होणार होतं. भागाबाईची पोरगी तिकडे आकाशात आणि इकडे ओट्यावर! दिपमालाने इकडेतिकडे पाहिलं आणि घरासमोरच्या जब्बारचाचांच्या शिलाईच्या दुकानात घुसली. चाचा गुडघ्यामुळे गच्चीवर चढत नसत. तिच्या युनिफॉर्मची पँट त्यांनीच कमरेत घेतली होती.

स्कार्फ सुटताच चाचांच्या हातातली कात्री थांबली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, दारातून वर विमानाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"बेटी, तू इथं. मग ते कोण चालवतंय?"

"दुसरे आहेत, चाचा. हळू बोला."

"आहे ना कुणीतरी? रिकामं तर नाही सोडलंस?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा.

"कॅप्टनसोबत संध्याकाळच्या फ्लाइटला जे फर्स्ट ऑफिसर होते, त्यांचं पोट बिघडलंय. साडेपाचपर्यंत विमानतळावर या."

"येते," दिपमाला म्हणाली. घड्याळात चार दहा. जळगाव पंचाण्णव किलोमीटर. नवीन नोकरीत बोलावण्यालाच गैरहजर राहिली, तर खाटेवर बसायलाही कुणी ठेवणार नव्हतं.

"माझी ओम्नी घे," चाचा म्हणाले.

"मला चारचाकी येत नाही, चाचा."

चाचांनी पुन्हा एकदा लांब गेलेल्या विमानाकडे बघितलं.

धुळ्यात एवढ्या वेळेत जळगाव गाठून देईल असा एकच माणूस तिला माहीत होता आणि तो समोरच्या गच्चीवर उभा राहून आकाशाला हात करत होता. तिने फोन लावला.

"भागा!" आबांचा आवाज दुकानापर्यंत थेट ऐकू आला. "विमानमाईन फोन उना!"

सगळ्या गच्च्यांवर टाळ्या पडल्या.

"आबा, खाली या."

"खाली? आम्ही खालीच शेतस, पोरी. वर तं तू शे."

"आबा, मी जब्बारचाचांच्या दुकानात आहे. एकटे या. लवकर."

आबा खाली आले. दुकानात शिलाई मशीनच्या मागे सनकोट काढलेली, खांद्यावर वैमानिकाच्या दोन पट्ट्या असलेली आपलीच पोरगी उभी आहे, हे त्यांनी पाहिलं.

"हाई काय शे?"

दिपमालाने चार वाक्यांत सगळं सांगितलं. अकरा दिवस, ओढणी, पोळी, पोट. आबांनी एकही प्रश्न विचारला नाही. चाचांकडे हात पुढे केला, किल्ली घेतली आणि म्हणाले, "राखीवले बलावं म्हंजे जानंच पडस. बस."

आबांइतका सुरक्षित ड्रायव्हर खानदेशात नसेल, आणि तीच तर अडचण होती. तीस वर्षं वेगाला कुलूप लावलेली बस चालवून त्यांचा उजवा पाय सत्तरच्या पुढे जातच नसे. फागण्याला ओम्नी हळू झाली. मुकटीला हळू झाली. रस्त्याच्या कडेला दोन बाया पिशव्या घेऊन उभ्या दिसल्या तेव्हा तर पार थांबली.

"आबा!"

"पाय आपोआप उठस वं. तीस वरीसनी सवय शे."

त्या बाया दार उघडून आत बसल्यासुद्धा. त्यांना पारोळ्याला जायचं होतं. उतरवायला वेळ गेला असता, म्हणून पारोळ्यापर्यंत नेलं. पारोळ्याच्या स्टँडवर आबांनी सवयीने गाडी वळवली, इंजिन बंद केलं आणि चहावाल्याकडे दोन बोटं दाखवली. मग स्वतःच दचकले आणि पुन्हा किल्ली फिरवली. एरंडोलला कंपनीचा फोन आला.

"मॅडम, कुठे आहात?"

"जवळच," दिपमाला म्हणाली. आता खोटं बोलायचा सराव चांगला होता.

विमानतळावर पोचायला पाच पन्नास झाले. ती धावत आत गेली. ड्यूटीवरच्या साहेबांनी तिच्याकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"त्यांना बरं वाटलंय. तेच जाताहेत. तुम्ही घरी जा. पण पुढच्या वेळी वीस मिनिटं उशीर मला लिहावा लागेल."

"आणि आज?"

"आज तुमची स्टँडबाय सहापर्यंत आहे. दहा मिनिटं बसा."

ती दहा मिनिटं बसली. बाहेर आबा ओम्नीला टेकून उभे होते. पोरगी पुन्हा जमिनीवरच राहिली, हे त्यांना तिच्या चालण्यावरूनच कळलं.

खोलीवर आल्यावर आबांनी सगळं पाहून घेतलं. खाट, एक खुर्ची, एक कप. खाली भाभींकडचं जेवण उरकलेलं होतं. भाभी वर येऊन म्हणाल्या, "तुमची मुलगी फार शांत आहे हो. असली काय अन् नसली काय, कळतच नाही." आबा "हां" म्हणाले आणि टाकीच्या नळाचे थेंब मोजू लागले.

तेवढ्यात मायचा फोन आला. आज पाचचा चुकला होता.

"माय," दिपमालाने एकदम सांगून टाकलं, "आज मी विमानात नव्हते."

"माले माहीत शे. कोपरावर तू उतरनी तवयच तुले चालवरतीन ओयखी लिधं मी. म्हनीसन तं मी ओढनी जोरमा हालावी. बठ्ठासना डोया वरच ऱ्हायनात, आनि तू जब्बारभाऊना दुकानमा गयी."

"आधीपण नसायचे गं मी. रोज खोटं बोलले."

"ते बी माहीत शे. दुसराच दिन तू म्हननी, लाल ओढनी दखी. त्या दिन मना गुडघा दुखे, मी धाबावर गयीच नव्हती."

"मग महिनाभर का चढत होतीस?"



"विमान गयं का पाच वाजता तुना फोन येस ना, पोरी. नही तं दिवसभर घरमा कोन बोलस मनासंगे?"

दिपमाला खाटेवर बसून लहान मुलीसारखी रडली. आबांनी खिडकीबाहेर पाहण्याचं नाटक केलं आणि जाताना टेबलावरचा पास न बोलता खिशात टाकला. तो त्यांना चालणार नव्हता. पण निवृत्त ड्रायव्हरला स्वतःचा पास असतो, हे त्यांना महिनाभर सुचलंच नव्हतं.

बुधवारी दिपमाला सातला युनिफॉर्म चढवून खाटेवर बसली. अकरा वीसला दार वाजलं. दारात आबा, हातात डबा, आणि मागे जिन्याचा कठडा धरून धापा टाकत भागाबाई.

"गाडी वीस मिनिट लेट व्हती," आबा म्हणाले. "आते रोज अकराले येसूत. सहानी गाडीनी परत. तुले अपडाऊन जमत नही ना, आम्हले जमस."

तिघांनी खापराच्या शिळ्या पोळ्या खाल्ल्या. भाभी दोनदा उगाच वर येऊन गेल्या. तीन पन्नासला डोक्यावर घरघर झाली. भागाबाईंनी पिशवीतून लाल ओढणी काढली आणि गुडघ्यावर हात ठेवून गच्चीचा जिना चढायला लागल्या.

"माय, मी इथेच आहे!"

"तू शे वं," भागाबाई न थांबता म्हणाल्या. "पन त्यामा बी कोना तरी मायनं पोर शे ना."