लेबलाखालचं लेबल

शेवटचा साधासुधा रविवार उजाडला, तेव्हा तो शेवटचा आहे असं घरात कुणाला वाटायचं काही कारण नव्हतं. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून इन्सुलिनचं नवं खोकं न्याहाळत होते. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे साधं लेबल वाचायलाही ते डोळ्याला भिंग लावत.

"नऊशे," ते म्हणाले. "महिन्याभराचं इन्सुलिन नऊशेत. हल्ली नऊशेत येतं काय गं?"

"औषध येतं," मुलगी म्हणाली आणि दूध तापवायला वळली. खोटं बोलताना तिला पाठ करून उभं राहावं लागायचं.

नऊशेचं लेबल तिनंच चिकटवलेलं होतं. पूर्वी औषध बाबा स्वतः आणत आणि भाव विचारला की खोकत. मग भाव चढला आणि त्यांनी परस्पर काटकसर सुरू केली. एक दिवस टोचायचं, एक दिवस 'आज साखर बरी वाटतेय' म्हणून सोडून द्यायचं. असं करत करत ते थेट दवाखान्यात पोचले. तिथलं बिल बघून म्हणाले, "आता मी काही तुला परवडत नाही." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यावर ती दरवेळी भलतंच काहीतरी बोलायची. छत्री घेतली का, गॅस बंद केला का.

त्या दिवसापासून औषध आणायचं तिनं स्वतःकडे घेतलं. औषधवाला म्हणाला पंचवीसशे. तिनं त्याला गळ घातली, त्याचंच लेबलं मारायचं यंत्र मागून घेतलं आणि पंचवीसशेच्या लेबलावर नऊशेचं मारलं. कंपनीनं भाव उतरवलाय, असं घरी सांगितलं. बाबा पेन्शनमधून नऊशे मोजून देत, वरचे सोळाशे ती घाली. त्यापायी तिची दाढ दीड वर्ष खोळंबली होती आणि ती एकाच बाजूनं चावत होती. पण बाबांचं इंजेक्शन एकदाही चुकलं नव्हतं.

"दाढेचं कधी करतेस?" बाबांनी विचारलं.

"बघू."

"औषध तर नऊशेचंच. मग पैसे जातात कुठे तुझे?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या मावशी. एका हातात डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्या हातात पाकीट.

"भाऊ काल जिन्यात म्हणाले, तुम्हाला हे नऊशेत मिळतं. अगं, माझंही तेच आहे. आणि माझा तो चौकातला मेला मला किती लावतो, सांगू?"

"नका सांगू," मुलगी म्हणाली.

"सुट्टीच्या दिवशी आकडे नकोत," बाबाही त्याच दमात म्हणाले.

मावशी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मुलीनं त्यांचे नऊशे घेतले आणि म्हणाली, "उद्या आणून देते."

"उद्या काय? माझं आजच संपलंय. चल, मीही येते."

"रविवारी दुकान बंद असतं, मावशी."

"उघडं असतं," बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"संध्याकाळी फिरायला त्याच बाजूला जातो ना मी. थांबा, काठी घेतो."

अशी वरात निघाली. तिघांना एकत्र येताना पाहून औषधवाल्याचा चेहरा पडला. मावशींनी चिठ्ठी काउंटरवर आपटली. "नऊशेवालं एक द्या."

औषधवाल्यानं मुलीकडे पाहिलं. तिनं हळूच छातीवर हात ठेवला, म्हणजे वरचे माझ्या खात्यावर. त्यानं तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"नऊशे. हो, नऊशेच. पण जरा हळू बोला."

ते ऐकून रांगेतला एक गृहस्थ पुढे सरसावला. "मलाही द्या. दोन द्या."

"संपलं."

"फ्रीजच्या काचेतून चार दिसताहेत."

"ती रिकामी खोकी आहेत. शोभेची."

"इन्सुलिन शोभेला ठेवता?"

"फ्रीज रिकामा दिसला की गिऱ्हाईक बिचकतं," औषधवाला म्हणाला. स्वतःच्या तोंडून हे ऐकून तोही दचकलेला दिसला. तोवर मागच्या बाई फोनवर कुणाला तरी ताबडतोब बोलावून घेत होत्या. मग मात्र त्यानं मावशींचं खोकं त्यांच्या पिशवीत कोंबलं, स्टॉक मोजायचाय असं जाहीर केलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. सगळे वाकून बाहेर पडले. मावशी लढाई जिंकल्यासारख्या पुढे चालू लागल्या. बाबा काठी विसरली म्हणून परत गेले आणि बऱ्याच वेळानं आले.

घरी आल्यावर "शोभेचं इन्सुलिन" म्हणून बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तीही हसली, दुखरी बाजू धरून.

झोपताना ते म्हणाले, "आता मी काही तुला परवडत नाही. वर मावशींनाही घेऊन आलो."

"दूध झाकलंय," ती म्हणाली. "झोपा आता."

सकाळी ते उठले नाहीत. हृदय, डॉक्टर म्हणाले. साखर अगदी जागेवर होती.

येणारेजाणारे ओसरले तशी तिनं आवराआवर काढली. सगळं सापडलं, भिंग तेवढं सापडेना. फ्रीजमध्ये ते न उघडलेलं खोकं तसंच होतं. ते आणि मावशींचे राहिलेले सोळाशे घेऊन ती दुकानात गेली.

औषधवाल्यानं खोकं आडवं धरलं आणि नखानं नऊशेचं लेबल काढलं. खाली पंचवीसशेचं. तेही काढलं. खाली कंपनीनं छापलेला आकडा होता, साडेचार हजार.

"हे काय?"

"दवाखान्यातून सुटले त्या दिवशी आधी काका आले, ताई. म्हणाले, आता मुलगी येईल, तिला पंचवीसशे सांग, वरचे मी देतो. तासाभरानं तुम्ही आलात. म्हणालात, बाबांना नऊशे सांगा, वरचे मी देते. दोघांनी मला शपथ घातलेली. दीड वर्षात माझं बीपी वाढलं. रोज गोळी घेतो मी आता."

"त्यांच्याकडे कुठले पैसे?"

त्यानं मागे बोट दाखवलं. खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांआड एक स्टूल होतं, छोटं टेबल, दिवा, चिमटे. "फिरायला म्हणून इथेच यायचे. सगळ्या गल्लीची घड्याळं केली त्यांनी."

"आणि मावशींचं?"

"तुम्ही छातीवर हात ठेवलात. तुमच्या मागे काकांनीही ठेवला. मला वाटलं, दोघांनाही एकदमच काहीतरी होतंय. मग ते काठीच्या निमित्तानं परत आले, म्हणाले, मावशींचे वरचे छत्तीसशे माझ्या खात्यावर, आणि मी नको नको म्हणत असताना हे तारण ठेवून गेले." त्यानं गल्ल्यातून भिंग काढून तिच्यापुढे ठेवलं. "उद्या सोडवतो म्हणाले."

तिनं पर्स उघडली. त्यानं मान हलवली.

"फ्रीजचं औषध कुणी परत घेत नाही. पण तुमच्या फ्रीजवर मावशींचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे, त्या घेतील. खोक्याचे साडेचार हजार, त्यातून छत्तीसशे वजा." त्यानं नोटा मोजून तिच्या हातावर ठेवल्या. "तुमचे नऊशे."

गिऱ्हाईक आलं तसा तो पुढे गेला. ती मागे जाऊन स्टुलावर बसली. टेबलावर कुणाचंतरी मनगटी घड्याळ अर्धवट उघडं पडलं होतं. तिनं भिंग डोळ्याला लावून पाहिलं. सगळं फार मोठं आणि धूसर दिसलं.

दर महिन्याला साडेचार हजार. त्यातले एकोणतीसशे त्यांचे, सोळाशे तिचे. आणि दीड वर्षं ती समजत होती की भार आपण उचललाय.

"परवडत होतात, बाबा," ती म्हणाली. मोठ्यानं, आणि या वेळी पाठ न करता.

"काही म्हणालात, ताई?" पुढून आवाज आला.

"तुम्हाला नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा टेबलाकडे वळली. "सोळाशेत तर फारच स्वस्त पडलात."