कॉलेजचा युनिफॉर्म

रशीदचाचा आधी माणसाचा शर्ट बघतात आणि मग माणूस. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या पालकसभेत आभारप्रदर्शन चालू असताना ते सरळ व्यासपीठावर चढले, मुख्याध्यापकांची कॉलर नीट केली आणि खाली येऊन बसले. "झोळ पडला हुता," मला म्हणाले. "कुनी शिवलाय की काय म्हाईत!"

मंगळवार पेठेत आमच्या पुढच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान. वर घर. निम्म्या पेठेचे शाळेचे गणवेश त्यांच्याच हातचे. कशावरही मत विचारा, "माप घेतल्याबिगर कसं बोलायचं वो बाई?" असं म्हणतात आणि माप न घेताच अर्धा तास बोलतात. मी शाळेत गणित शिकवते, सगळा वर्ग मला टरकून असतो, पण चाचांपुढं माझं काही चालत नाही.

त्यांची नात तहसीन माझ्याच वर्गात, नववीत. आईवडील शिरोळला, वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. ही शिकायला आजोबांकडं. आकडे दिसले की पोरगी तहानभूक विसरते. इथल्या एका कॉलेजनं हायस्कूलच्या मुलांना दर शनिवारी दुपारी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्राच्या तासाला बसू द्यायचं ठरवलं, तेव्हा मी तिचं नाव देऊन टाकलं. शेवटची परीक्षा पास झाली, की पुढं पदवीला तो विषय पुन्हा द्यायला नको.

चाचांनी एकच प्रश्न विचारला. "युनिफॉर्म कुठला?"

"कॉलेजला युनिफॉर्म नसतो, चाचा."

"युनिफॉर्म न्हाय? मग कालेज हाय का बाजार?"

आणि त्यांनी तो शिवला. कॉलेजच्या गेटसमोर उभं राहून पाटीवरची अक्षरं कागदावर उतरवून आणली. बाटलीसारखा हिरवा कुर्ता, घड्या घातलेली ओढणी, खिशावर पिवळ्या रेशमात कॉलेजचं नाव. शिलाईला नाव ठेवायला जागा नव्हती. पण जीन्स घातलेल्या त्या सगळ्या मुलांत तहसीन एकटी अशी! पहिल्या शनिवारी एकानं विचारलं, "बँडपथकातली काय गं?" दुसऱ्या शनिवारी कुणा सरांनी तिला शिपाई समजून हातात चहाचे रिकामे कप दिले. पोरीनं ते निमूट नेऊन ठेवले आणि माझ्या घरी येऊन रडली.

"बाई, मी जानार न्हाय आता. आनि दादाजींना सांगू पन नका."

चाचांना सांगायचं धाडस माझ्यातही नव्हतं, खोटं कशाला बोलू. मग आम्ही दोघींनी एक चोरवाट काढली. तहसीननं घरातून गणवेशात निघायचं, माझ्याकडं येऊन साधा ड्रेस घालायचा, परत जाताना पुन्हा गणवेश. असं चार महिने चाललं. दर शुक्रवारी चाचा तो गणवेश स्वतः धुऊन इस्त्री करायचे. दुकानावरून जाताना ते दिसलं की मला मान वर करवत नसे.

परीक्षेच्या दिवशी मात्र चाचांनी जाहीर केलं, "आज मी येनार कालेजपतुर." तहसीन पट्टी मागायच्या निमित्तानं माझ्याकडं पळत आली आणि जमिनीवर बसलीच. "सगळी हसतील बाई. मला पेपर सुचायचा न्हाय. मी जातच न्हाय."

पेपरला पाऊण तास उरला होता. चार महिन्यांचा अभ्यास एका हिरव्या कुर्त्यापायी वाया जाणार, या विचारानं माझं डोकं फिरलं. मी तडक दुकानात गेले. चाचा टोपी घालून पायरीवर तयार उभे.

"चाचा, तो युनिफॉर्म..."

"घालत न्हाय ती. म्हाईत हाय मला."

"कधीपासून?" मी विचारलं.

"तिसऱ्या शनवारीच कळलं. घामाचा डाग न्हाय, दोन तास बाकावर बसल्याची चुनी न्हाय. चाळीस वर्सं कापडं शिवतोय की बाई."

"मग दर आठवड्याला धुता कशाला?"

चाचांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "युनिफॉर्ममदल्या पोरीला 'तू कोन, हितं कशी' म्हनून कोन इचारत न्हाय. म्हनून शिवला. न्हाय घालत तर ऱ्हाऊ दे. पन तिच्या कालेजातलं मला तेवढंच येतंय, धुवायचं आनि इस्त्री करायची." मग एकदम घाईनं म्हणाले, "तिला सांगा, दादाजींचं तातडीचं काम निघालं, एकटीच जा. आनि मला कळलंय ते बोलू नगा. लाजंल पोरगी."

मी धावत घर गाठलं. तहसीन साध्या ड्रेसमध्ये सुसाट निघाली. (पुढं ती पास झाली, तेही चांगल्या गुणांनी, पण ते महिन्यानंतर.) वीस मिनिटांनी तिचा फोन आला, "बाई, बसले वर्गात!" आणि माझा जीव भांड्यात पडला.

मी सांगायला पुन्हा दुकानात गेले. तातडीचं काम कुठंच दिसत नव्हतं. चाचा बंद मशीनपुढं हात बांधून बसले होते.

"पोचली," मी म्हटलं.

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग हळूच विचारलं, "बाई, वर्ग आतनं कसा हाय वो? मी गेटाच्या आत कदी गेलो न्हाय."

तिचं नाव द्यायला गेले तेव्हा मी तो पाहिला होता, तसा सांगितला. लाकडी बाकं, लांब फळा, वर दोन पंखे.

"आनि खिडकी कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

"मग झ्याक हाय," चाचा म्हणाले. "लिवताना हाताची सावली कागदावर पडायची न्हाय."