मुरूम लागेपर्यंत

आमच्या प्लॉटवर रेतीचा पहिला ट्रक आला, तेव्हा दिनकरमामांनी त्यातली चिमूटभर रेती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि लग्नघरची कढी चाखावी तेवढा वेळ घेऊन म्हणाले, "खारट नाई. उतरवा."

ट्रकवाला माझ्याकडे पाहू लागला. मी मालक असल्यासारखी मान हलवली. मामा चहाला गेल्यावर मीही गुपचूप चिमूटभर तोंडात टाकून पाहिली. मला ती रेतीसारखीच लागली आणि संध्याकाळपर्यंत दातांत कचकचत राहिली.

दिनकरमामा म्हणजे माझ्या बायकोचे, मंजूचे, सख्खे मामा. राहणार जुने शहर, अकोला. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. अमरावतीला आम्ही घर बांधतोय हे त्यांना कोणी कळवलं, ते मंजू आजतागायत कबूल करत नाही. पण भूमिपूजनाला ते सकाळच्या एस.टी.नं हजर. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत भिंत उभी सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा आणि वेटोळं केलेली एक पारदर्शक नळी.

तेव्हापासून दर शनिवारी मामा येऊ लागले.

दोन विटा कानाजवळ नेऊन एकमेकींवर वाजवायचे. खणकन आवाज आला की वीट पास. बद्द वाजली की बाजूला ठेवून हळहळायचे, "हे लेकरू भट्टीत शेकलंच नाई." सिमेंटचं पोतं फोडलं की कोपरापर्यंत हात आत घालायचे. थंड लागलं तर ताजं. डॉक्टरनं ताप पाहावा तसे ते पोत्याजवळ उभे राहायचे आणि पोत्याचे नातेवाईक असल्यासारखे आम्ही भोवती.

त्यांना वाटायचं, मला यातलं काही कळत नाही. ते खरंच होतं, पण कबूल कोण करणार? मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो. घर बांधायचं ठरल्यावर मोबाईलवर शे-दीडशे व्हिडिओ पाहिले, एक पिवळं हेल्मेट घेतलं आणि लाल किरण सोडणारं लेव्हल मोजायचं यंत्रही मागवलं. त्या यंत्रानं पहिल्याच दिवशी शेजारच्यांचं मांजर वेडं केलं. अमरावतीच्या एप्रिलच्या उन्हात किरण कुठे पडतोय ते मला दिसेना. मांजराला मात्र दिसत असावा.

मामांनी नळीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं घेऊन ते वीस फुटांवर गेले आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या रेषेवर खुणा केल्या.

"पानी खोटं नाई बोलत, जवाईबापू. ते हेल्मेट काढा. वरून पडाले अजून वर काई हायेच नाई."

ठेकेदार राजूभाऊ हसला. मला तो त्या दिवसापासून आवडेनासा झाला. पण भांडण व्हायचं ठरलं तेव्हा मी गेलो त्याच्याच बाजूला.

पायाचे खड्डे पाच फूट झाले होते. राजूभाऊनं तळाशी लोखंडी सब्बल आपटली. ठण्ण आवाज आला. "पाहा सर, दगड लागला दगड. मंगळवारी काँक्रीट टाकून देऊ, दसऱ्याले घरात जा." दसऱ्याची वास्तुशांत मी निम्म्या नातेवाइकांना सांगूनही टाकली होती.

मामा शिडीनं खड्ड्यात उतरले. तळाचं काळं ढेकूळ उचललं, थुंकी लावून बोटांत चोळलं.

"कायी मातीच हाय ही. मुरूम कुठी लागला अजून?"

"मामाजी, सब्बल वाजून राहिली ना," राजूभाऊ वरून म्हणाला.

"एप्रिलात वाजतेच. उन्हाळ्यात हिच्यासारखी कडक कोणी नाई अन् पोळ्याले हिच्यासारखी ढिली कोणी नाई. पानी पिली का फुगते, उन्हाळा आला का आकसते. तुमचं घर दरसाल उठाबशा काढीन. खाली जा. मुरूम लागेपर्यंत जा."

राजूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. मामांनी आमच्याकडे पाहिलं, एक घमेलं पालथं घातलं, त्यावर बसले आणि खड्ड्यातच छत्री उघडली.

"मी बसून राहिलो इथी. टाका काँक्रीट."

अर्धा तास झाला. बिगारी सावलीला जाऊन बिड्या ओढू लागले. शेजारी गच्चीवर आले. वरून मला खड्ड्यात फक्त एक काळी छत्री दिसत होती, आणि माझं डोकं तापलं.

"मामा, तुम्ही आयुष्यात अशी किती घरं बांधली?"

छत्री थोडी कलली. "एक."

"मग राजूभाऊनं साठ बांधलीत."

मामांनी छत्री मिटली, शिडी चढून वर आले, हातपाय धुतले आणि अकोल्याच्या गाडीला निघून गेले. नळी खड्ड्याच्या काठावरच राहिली.

घरी मंजूनं वरण वाढलं, पण बोलली नाही. पोळी वाढली, बोलली नाही. शेवटी ताकाबरोबर एकच वाक्य वाढलं, "उद्या रविवार आहे. नळी देऊन या."

दुसऱ्या दिवशी नळी खांद्यावर घेऊन मी एस.टी.त बसलो. कंडक्टरनं विचारलं, "गॅसवाले का?" मी होय म्हणालो. त्या दिवशी मला कोणताही पेशा चालला असता.

मामा एकटेच राहतात. मामींना जाऊन सहा वर्षं झाली. आजवर आम्ही कधी गेलो तरी ओसरीवर बसून, चहा घेऊन परत यायचो. त्या दिवशी मामा म्हणाले, "आतमधे खुंटी हाय, तिथी टांगा नळी. मी चहा ठेवतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

आतल्या खोलीत खुंटीच्या शेजारीच भिंतीला तडा होता. जमिनीपासून निघालेला, थोडा वाकडा होत छताकडे गेलेला. आणि त्याच्या कडेनं पेन्सिलीच्या आडव्या खुणा. प्रत्येक खुणेपुढे बारीक, गोल अक्षर. 'पोळा. करंगळीभर.' 'होळी. थांबला आहे.' 'पोळा. वीतभर, लबाड.' घराघरांत दाराच्या चौकटीवर मुलांची उंची लिहितात, तशा.

मामा कपबश्या घेऊन मागे उभे होते.

"भूगोल शिकवला मी तीस वर्षं," ते म्हणाले. "कायी माती कापसाले उत्तम. घराले कशी, ते पुस्तकात नवतं. तुमच्या मामीले भाड्याच्या गळक्या खोलीत आणखी एक पावसाळा काढाचा नवता. मे महिना होता. पाच फुटांवर सब्बल वाजली. मी म्हटलं, लागला दगड."

मी चहाचा घोट घेतला. तो कसा लागला ते मला सांगता येणार नाही.

"पहिल्याच पोळ्याले तडा गेला. मले वाटलं, आता ही मले बोलीन. तिनं पेन्सिल आणली. म्हणे, आपल्या घरात वाढून राह्यलं ते एवढंच हाय, याची उंची तरी लिहून ठेवू."

मामांना मूलबाळ नाही, हे मला पंधरा वर्षं माहीत होतं.

सगळ्यात वरच्या खुणेच्या पुढे तडा हातभर गेलेला होता. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"आणि हा भरून नाही घेतला?" मी विचारलं. सिमेंटला ताप आहे का ते सांगणारा हा माणूस. एका दुपारचं काम.

"भरला तं वरून रंग माराव लागते," मामा म्हणाले, आणि कपबश्या उचलून स्वयंपाकघरात गेले.

ओसरीवरून मी राजूभाऊला फोन लावला. म्हणालो, मंगळवारचं काँक्रीट रद्द, खोदायचं. "कुठवर सर?" मी म्हणालो, मुरूम लागेपर्यंत. "अन् दसरा?" मी म्हणालो, दसरा दरवर्षी येतो. आतून कपबश्या विसळल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मुरूम साडेआठ फुटांवर लागला. पिवळसर, खरखरीत. मामांनी चिमूटभर जिभेवर ठेवला आणि उरलेला माझ्यापुढे धरला. या वेळी मी उघडपणे चाखला. तोही रेतीसारखाच लागला.

वास्तुशांत अक्षय तृतीयेला झाली. भिंतींना मी असा महागाचा रंग निवडला की, कोणी बोट लावायचं नाही असा घरात कायदाच केला. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीवर, चिनूवर, त्याखाली दोन खटले चालले.

पहिला पोळा आला आणि मामाही आले. बूट काढून खोलीखोलीत फिरले. भिंतीवरून तळहात फिरवला, कोपऱ्यांत वाकून पाहिलं, दरवाज्यांच्या वरचे भाग निरखले. तडा कुठेच नव्हता. मी मागेमागे, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा.

"काई नाई," मामा म्हणाले. मग हॉलच्या मधोमध येऊन थांबले.

"चिनू, इकडं ये. भिंतीले पाठ लाव. टाचा नको उचलू."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, तिच्या डोक्यावर आडवी धरली आणि माझ्या नव्या कोऱ्या भिंतीवर एक रेघ ओढली. पुढे लिहिलं, 'पोळा.'

चिनूनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी मामांना म्हणालो, "ठळक काढा जरा. दिसत नाही."